दिसेल तेवढंच



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दिवाळीत घर भरलेलं होतं, आणि त्याआधी ह्यांच्या तब्येतीची धावपळ. जवळच्या नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. गेलं वर्षभर ह्यांना विसरायला होतंय. चश्मा कुठे ठेवला, गोळी घेतली की नाही, इथपर्यंत ठीक होतं, ते माझंही होतं. पण श्रावणात एकदा दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि गजानन महाराज मंदिराच्या चौकात उभे राहिले. पुंडलिकनगरचा रस्ता कोणता, तेच आठवेना. तीस वर्षं ज्या रस्त्याने रोज ये-जा केली तो रस्ता! आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याने ओळखलं आणि गाडीवर बसवून घरी आणून सोडलं.

मग डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी दिवाळीचं सांगते, कारण आजचा विषय तिथून सुरू झाला.

आमची नात बेंगळुरूला एका संशोधनाच्या ठिकाणी जूनपासून कामाला लागली आहे. काय काम करतेस म्हणून फोनवर विचारलं की म्हणायची, "आजी, मी मेंदूच्या फोटोतल्या चुका दुरुस्त करते." मला वाटायचं थट्टा करतेय. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मी चकल्यांचं पीठ मळत होते आणि दुसऱ्या बाजूला ती लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर करडा, सुरकुतलेला, अक्रोडासारखा आकार. त्याच्या कडेने दोन रेघा, आत पिवळी आणि बाहेर लाल. प्रत्येक घडीत शिरून बाहेर येणाऱ्या. आमच्याकडे संक्रांतीला मुली रांगोळीत नागमोडी वेल काढायच्या ना, अगदी तशा.

"हा कोण?" ह्यांनी विचारलं.

"हा बर्ट आहे आबा."

खरंच बर्ट! फ्रीसर्फर नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेत बोस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचं मार्टिनोस सेंटर आहे, तिथे ते सांभाळलं जातं. अँडर्स डेल आणि ब्रूस फिशल ह्या दोघांचे त्यामागचे मुख्य लेख १९९९ साली आले. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्याच्यासोबत शिकाऊ लोकांसाठी एका माणसाच्या मेंदूचं चित्र येतं, त्याचं नाव बर्ट. नातीच्या कामातली खरी चित्रं ऑफिसच्या कॉम्प्युटरबाहेर नेता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. घरी सरावाला बर्ट आणि असेच काही सगळ्यांसाठी खुले ठेवलेले मेंदू होते. (ह्यांनी चार दिवसांत पाच-सहा वेळा विचारलं, हा कोण. प्रत्येक वेळी नातीने तितक्याच आनंदाने सांगितलं, हा बर्ट. मला ते जमत नाही, तिसऱ्यांदा माझा आवाज चढतो. असो.)

आता हे काम काय आहे ते मला समजलं तसं सांगते. मी १९७२ ची बी.ए., मराठी घेऊन. दुष्काळाचं साल होतं ते. विज्ञानाशी माझा संबंध शाळेत शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या आवाजापुरता. त्यामुळे कोणी जाणकार वाचत असतील त्यांनी सांभाळून घ्यावं.

मेंदूच्या बाहेरच्या बाजूला करड्या रंगाचा एक थर असतो, विचार, बोलणं, ओळखणं सगळं त्यात चालतं. तो सरासरी अडीच मिलिमीटर जाड. कुठे जेमतेम एक, कुठे साडेचारपर्यंत. उलगडून पसरला तर वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाएवढा होईल, पण कवटीत मावायचा म्हणून चोळामोळा करून भरलेला, त्यामुळे निम्म्याहून जास्त भाग घड्यांच्या आत लपलेला. त्याच्या आत पांढरा भाग, म्हणजे तारांचं जाळं. एमआरआयचं चित्र म्हणजे एकेक मिलिमीटरच्या ठोकळ्यांची रास असते आणि प्रत्येक ठोकळ्याला उजेडाचा एक आकडा असतो. सॉफ्टवेअर आधी कवटी सोलून काढतं, मग उजेड सगळीकडे सारखा करतं, पांढऱ्या भागाचा आकडा ११० च्या आसपास आणतं, आणि मग दोन पृष्ठभाग तयार करतं. पांढरं आणि करडं जिथे भेटतं ती पिवळी रेघ. करडं संपून बाहेरचं पाणी लागतं ती लाल रेघ. दोन्ही रेघांमधलं अंतर म्हणजे त्या थराची जाडी. डाव्या-उजव्या प्रत्येक अर्ध्या मेंदूवर लाखाहून जास्त ठिपक्यांवर ही जाडी मोजली जाते. एवढं सगळं माणसाच्या हाताने करायचं म्हटलं तर जन्म जाईल. यंत्र काही तासांत करतं, जुन्या काळी एक दिवस घ्यायचं म्हणे.

पण चुकतं. मेंदूवर ड्यूरा नावाचं एक चिवट आवरण असतं. चित्रात त्याचा रंग करड्या थरासारखाच दिसतो, त्यामुळे कधी कधी लाल रेघ त्या आवरणावर चढते आणि थर आहे त्यापेक्षा जाड मोजला जातो. कधी उलट. कवटी सोलताना थोडा मेंदूही सोलला जातो, बटाट्याच्या सालाबरोबर बटाटा जावा तसा. वयस्कर माणसांच्या पांढऱ्या भागात काळपट डाग पडलेले असतात, यंत्राला वाटतं हे करडं आहे, आणि पिवळी रेघ भलतीच आत वळते. कानाच्या बाजूला पुढे, जिथे मेंदूचं टोक कवटीच्या खोबणीत बसतं, तिथे उजेड कमी पडतो आणि पांढऱ्या भागाचं ते टोक यंत्राला दिसतच नाही. शिवाय कधी दोन घड्या एकमेकींना चिकटवून टाकतं, कपाच्या कानासारखी एक कडी तयार होते, जी कोणाच्या मेंदूत नसते. ती बरीचशी यंत्र स्वतःच ओळखून तोडतं, पण सगळी नाही, आणि तोडताना कधी चांगली घडीही तोडतं.

हे सगळं नात एकेक चिरकांड पुढे सरकवत दाखवत होती. मी पिठाचे हात पुसून चष्मा लावून बसले. एका ठिकाणी लाल रेघ चक्क बाहेर पळालेली. मला सुद्धा दिसली! म्हटलं, "ही ओढ की आत."

"ओढता येत नाही आजी."

मला ही गोष्ट फार आवडली, म्हणूनच हा सगळा लेख. हाताने रेघ ओढायची नाहीच. दुरुस्ती करणाऱ्याने फक्त खालचं चित्र दुरुस्त करायचं. ड्यूराचा जो ठोकळा मेंदूत घुसला आहे तो पुसायचा. डागामुळे जो पांढरा ठोकळा काळा झाला आहे तो भरायचा. जिथे पांढरा भाग नक्की आहे, पण मंद आहे, तिथे मध्यभागी एक ठिपका द्यायचा, त्याला कंट्रोल पॉइंट म्हणतात. मग यंत्राला सांगायचं, आता पुन्हा काढ. रात्री लावून झोपायचं. सकाळी रेघ यंत्रानेच काढलेली असते, आणि बहुतेक वेळा बरोबर. शिवाय जिथे ड्यूराचा तुकडा उरला आहे, पण रेघ बिघडलेली नाही, तिथे हातही लावायचा नाही, उगीच साफसफाई करत बसायचं नाही.

छत्तीस वर्षं वह्या तपासल्या मी. नव्या शिक्षिका यायच्या त्या मुलाचं वाक्य खोडून वर लाल शाईने स्वतःचं वाक्य लिहायच्या. वही सुंदर दिसायची आणि मुलगा तिथेच राहायचा. मी सांगायचे, चुकीच्या शब्दाखाली रेघ मार, समासात एक खूण कर, आणि त्यालाच पुन्हा लिहू दे. कोणा तरी बोस्टनच्या माणसाला हेच सुचलं, ह्याचं मला फार बरं वाटलं.

पण मग मी नातीला विचारलं, की पुसायचा ठोकळा कोणता हे तूच ठरवतेस ना? म्हणजे रेघ तू ओढत नाहीस, पण ती कुठे जाईल ते तुझ्या हातात आहेच. ती म्हणाली, हो, तोच तर सगळा वाद आहे.

वाद असा. एका बाजूचे लोक म्हणतात, हात लावूच नका. माणूस आला की मत आलं. शेकडो मेंदू असतील तर चुका एकमेकींना मारतात, सरासरीला धक्का लागत नाही. आणि ह्यात तथ्य आहे, दुरुस्त केलेली आणि न केलेली चित्रं शेजारी ठेवून ज्यांनी ताडून पाहिलं त्यांच्यातल्या काहींना गटाच्या निष्कर्षात फारसा फरक दिसलाही नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, डोळ्यांना चूक दिसतेय आणि तशीच ठेवायची हे कसलं शास्त्र?

मी दुसऱ्या बाजूची आहे, पण एका अटीवर, आणि ती अट मला एका मुलाने शिकवली.

हे मी कुठे लिहिलेलं नाही. नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासत होते. आमच्या वर्गात एक हुशार मुलगा होता, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. त्याचं उत्तर मी वाचलं, निम्मं लागलं, निम्मं नाही. पण त्याला काय म्हणायचंय ते मला 'कळलं'. पैकीच्या पैकी दिले. त्याच गठ्ठ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाचा पेपर. अक्षर तसंच. त्याचं जे लागलं नाही ते मी चूक धरलं. दोन गुणांनी मराठीत गेला. त्याच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढून गॅरेजवर लावलं. आता ते फक्त माझ्या दोन गुणांमुळे झालं असं नाही, घरची परिस्थिती होती, आज ना उद्या झालं असतं. पण पुढे काही कारणाने ते पेपर पुन्हा हातात आले तेव्हा मी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. लागत नव्हतं ते दोघांचंही सारखंच लागत नव्हतं. एकाच्या पेपरात मी माझ्या मनातलं उत्तर वाचलं होतं आणि दुसऱ्याच्या पेपरात माझ्या मनातला मुलगा.

त्यानंतर मी पेपर तपासताना पहिलं पान उलटं घडी घालून ठेवायला लागले, नाव दिसू नये म्हणून. पुढे बोर्डाचे दहावीचे पेपर तपासायला जायचे तेव्हा तिथे नाव नसतंच, नुसता बैठक क्रमांक. आदर्श उत्तरपत्रिका समोर, आधी नियामकांची बैठक, सगळ्यांनी तोच एक पेपर तपासून गुण ताडून पाहायचे, मग गठ्ठे. लोक बोर्डाला नावं ठेवतात, पण ही पद्धत कोणा शहाण्या माणसाने बसवली आहे.

नातीकडेही असंच आहे म्हणे. नव्या माणसाला आधी सरावाची चित्रं देतात, चुका शोधायला लावतात, मग तिच्या ताईने शोधलेल्या चुकांशी ताडतात. मेंदू कोणाचा, रुग्णाचा की निरोग्याचा, वय काय, हे दुरुस्ती करणाऱ्याला सांगत नाहीत. निदान सांगू नये. मी म्हणते, हे 'निदान' काढून टाकावं. कारण माहीत असेल तर काय होईल बघा. स्मृतिभ्रंशाच्या आजारात, अल्झायमरमध्ये, झीज जिथे अगदी आधी सुरू होते तो भाग कानाच्या आतल्या बाजूला खाली आहे. एंटोरायनल असं त्याचं नाव. आणि नेमका तिथेच तो ड्यूरा थराला चिकटून असतो, नेमका तिथेच उजेडही दगा देतो. म्हणजे जिथे यंत्र जास्त चुकतं, तिथेच रोग बघायचा आहे. ड्यूरा राहू दिला तर थर जाड दिसतो आणि आजार लपतो. जास्त पुसला तर धडधाकट माणूस आजारी दिसतो. अशा जागी हातात पुसणी घेऊन बसलेल्या पोरीला जर आधीच ठाऊक असेल की हा 'रुग्ण' आहे, तर तिची बोटं एखादा ठोकळा जास्त पुसतील. लबाडीने नव्हे. माझ्यासारखीच, चांगल्या मनाने.

आणि हा ठोकळाभराचा हिशेब क्षुल्लक नाही. २०१२ साली नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमधल्या लोकांनी एक गंमत करून पाहिली (त्यांच्या दृष्टीने गंमत नसावी). तीच चित्रं घेतली आणि फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढली. माणूस तोच, चित्र तेच, तरी नव्या-जुन्या आवृत्त्यांत थराच्या जाडीत सरासरी २.८ टक्के आणि भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक आला. नुसता कॉम्प्युटर बदलला तरी फरक, त्याची आतली प्रणाली बदलली तरी फरक, जरा कमी एवढंच. अडीच मिलिमीटरचे २.८ टक्के म्हणजे साधारण सात शतांश मिलिमीटर. आपल्याला हसू येतं, पण म्हातारपणी वर्षभरात होणारी झीजही अशीच बारीक असते. म्हणून जे म्हणतात की हात लावू नका, यंत्र निःपक्षपाती आहे, त्यांना मी विचारीन, कोणतं यंत्र, कुठल्या साली बसवलेलं? एकसारखं चुकणं म्हणजे निःपक्षपात नव्हे. एखादा परीक्षक सगळ्यांच्याच शुद्धलेखनाचे गुण कापतो म्हणून तो न्यायी ठरत नाही, ज्यांच्या घरी बोली वेगळी आहे त्यांचे जास्त जातात.

ह्यावरून आठवलं. ह्या यंत्राला सुरुवातीला डोकं सरळ रेषेत बसवायला आणि भागांना नावं द्यायला काही साचे लागतात. फ्रीसर्फरचा नेहमीचा 'सरासरी' मेंदू ४० जणांच्या मेंदूंवरून केलेला आहे. साचे आपल्याकडचे नव्हेत. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या लोकांनी २०१९ मध्ये १०० भारतीयांवरून एक नकाशा केला, आणि त्यात आपले मेंदू परदेशी साच्यापेक्षा सरासरीने आकाराने लहान निघाले. (लगेच कोणी अर्थ काढू नका, आकाराचा आणि अकलेचा संबंध लावायला मी आयुष्यभर मनाई करत आले.) बेंगळुरूच्या निम्हान्सच्या मंडळींनी २०२० मध्ये ६ ते ६० वर्षं वयाच्या लोकांचे पाच साचे प्रसिद्ध केले. हे ऐकून मी बोटांवर मोजलं. हे ७८ वर्षांचे. पाचांतल्या एकाही साच्यात बसत नाहीत.

तर आता ह्यांचं.

ह्यांचा एमआरआय झाला त्या दिवशी मी बाहेर बसले होते. आत फार आवाज होतो, कोणी लोखंडी पत्र्यावर हातोडे मारतंय असा. तिथल्या मुलाने आधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं, कानात बोळे दिले होते. पण ह्यांना दोन मिनिटांत विसरायला झालं की आपण इथे का आहोत. घाबरले, उठायला लागले. बाहेर काढलं, पाणी दिलं, पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा मी पायाशी उभी राहून घोटा धरून ठेवला. तरी मान हलतच होती. शेवटी जेवढं मिळालं तेवढं घेतलं. अहवालात लिहून आलं, वयोमानानुसार झीज, आणि खाली एक ओळ की रुग्णाच्या हालचालीमुळे चित्रं पूर्ण स्पष्ट नाहीत. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, ह्यांच्याशी पाऊण तास बोलले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि गोळ्या सुरू केल्या. चित्राची सीडी मला दिली. ती कपाटात आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे गेले, नात एकटी राहिली होती. नळाला पाणी यायचा दिवस होता, म्हणून मी पहाटेपासून जागी. तीही उठून आली. पाणी भरून झालं तशी मी सीडी काढून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आबांचं चित्र घाल ना ह्यात. आणि ज्या चुका असतील त्या दुरुस्त कर. एवढं शिकलीस ना?"

तिने लगेच नाही म्हटलं नाही, सीडी चालवून पाहिली. मग म्हणाली, आजी, हे तसं चित्र नाही. दवाखान्यातली पुष्कळशी चित्रं जाड चिरकांडांची असतात, पाच-पाच मिलिमीटरची, रोग शोधायला ती पुरतात. आमच्या कामाला एकेक मिलिमीटरची लागतात. अडीच मिलिमीटरचा थर पाच मिलिमीटरच्या चिरकांडात कसा मोजणार? मी म्हटलं, काहीतरी असेलच की आता, सगळं निघालंय. तर म्हणाली, आहे. जाड चिरकांडांमधली जागा भरून काढणारी नवी पद्धत फ्रीसर्फरमध्ये आली आहे, ती असंख्य चित्रांवरून शिकलेली असते आणि मधे काय असावं त्याचा अंदाज करते. रेघाही काढून देईल, छान गुळगुळीत. "पण आबा हललेत, आजी. हललेल्या चित्रात थर पातळच दिसतो."

ह्याचाही अभ्यास झालेला आहे. २०१५ साली त्याच बोस्टनच्या गटाने निरोगी लोकांना मशीनमध्ये मुद्दाम मान हलवायला सांगितली, आणि हलल्यावर त्यांचा करडा थर कमी भरला. म्हणजे झीज नव्हतीच, नुसती हालचाल होती! ऐकल्यावर मला आधी आनंद झाला, मग भीती वाटली. आनंद अशासाठी की कदाचित ह्यांचं काही गेलंच नसेल. भीती अशासाठी की मी लगेच तसं वाटून घेतलं.

मी म्हटलं, "मग तूच हाताने नीट कर. तुला आबांचा मेंदू माहीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि माझ्या लक्षात आलं, की मी तिला त्या हुशार मुलाचा पेपर तपासायला सांगत होते. जे लागत नाही ते प्रेमाने वाच म्हणत होते.

धूसर चित्रात कडा नसतेच. तिथे ठोकळा पुसणं किंवा भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, ते आपल्या मनातलं लिहिणं झालं. कोणी असं म्हणेल की मग हललेली सगळी चित्रं फेकून द्यावीत. ते मला मुळीच पटत नाही. हलतं कोण? लहान मुलं, कंपवाताचे रुग्ण, घाबरलेले म्हातारे. त्यांना वगळलं तर उरतात ते शहाण्यासारखे स्तब्ध पडून राहणारे, आणि मग त्यांच्यावरून सगळ्यांचे साचे. अक्षर वाईट असलेल्यांचे पेपर बाजूला काढून शाळेचा निकाल लावण्यासारखं आहे हे. चित्र ठेवा, किती हललं ते लिहून ठेवा, जिथवर कडा दिसते तिथवर दुरुस्त करा आणि जिथे दिसत नाही तिथे 'दिसत नाही' असंच लिहा. जमलं तर त्या माणसाला पुन्हा बोलवा, पाणी द्या, घोटा धरणाऱ्या बाईला आत येऊ द्या. आणि यंत्राने काढलेली पहिली रेघ कधीही पुसून टाकू नका, दोन्ही शेजारी राहू देत. माझ्या लाल शाईखालचा मुलाचा शब्द जसा वाचता आला पाहिजे तसा. नातीच्या क्षेत्रातल्या निबंधांत म्हणे कधी कधी एवढंच एक वाक्य असतं, की पृष्ठभाग तपासून गरजेप्रमाणे दुरुस्त केले. किती चित्रं, कुठे, कोणी, त्याला काय माहीत होतं आणि काय नाही? 'गरजेप्रमाणे' ह्या शब्दाचा एकही गुण मी दिला नसता.

हे सगळं मी एका महिन्यात शिकलेलं ज्ञान पाजळते आहे, ह्याची मला जाणीव आहे. धाकट्या वन्सं फोनवर म्हणाल्याच, "वहिनी, तुम्ही आता डॉक्टर झालात!" होऊ दे. पण त्यांनीच विचारलं होतं, की एवढी विज्ञानातली पोर घरात असताना तुम्ही भाऊंचं नीट निदान का करून घेत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिलं. नातीने सांगितलं ते मी त्यांना सांगते : ते सॉफ्टवेअर संशोधनासाठी आहे, एका माणसाचं निदान करायला नाही. ह्यांचं निदान त्या पाऊण तासाच्या बोलण्यात आहे, आणि गजानन महाराजांच्या चौकात आहे. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हा पुन्हा एमआरआय सांगितला तर ह्या वेळी मी आधी घरी पत्र्याचा डबा वाजवून ह्यांना आवाजाची सवय करणार आहे. नातीला ही कल्पना आवडली. ती म्हणाली, मुलांच्या अभ्यासात खरंच तसं करतात, खोट्या मशीनमध्ये आधी झोपवून सराव करून घेतात.

ती बेंगळुरूला परत गेली. काल रात्री फोन आला. दिवसभर एकाच मेंदूवर बसली होती, कोणाचा ते तिला माहीत नाही. कानाजवळच्या भागात तीन ठिपके दिले, रात्रभर यंत्र लावलं, सकाळी पिवळी रेघ टोकापर्यंत गेली. डाव्या बाजूला मात्र चित्र विरघळल्यासारखं होतं. तिथे तिने काही केलं नाही, वहीत नोंद केली. तिच्या ताईने विचारलं, डावी बाजू का सोडलीस, तर तिने सांगितलं, दिसत नाही.

हे पलंगावरून विचारत होते, कोणाचा फोन आहे. मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं.

"बेंगळुरूचा," मी म्हटलं. "बर्ट बरा आहे म्हणते."

हसले. बर्ट लक्षात होता.